बाबांच्या पिस्तुलाची नळी

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, आणि चाळीच्या कमानीखाली त्यांनी माझ्यावर पिस्तूल रोखलं.

फ्लेक्स भलामोठा होता. वर मंडळाचं नाव, त्याखाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची डोकी, मग ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली माझे वडील. काळा कोट, एक भुवई वर, ओठांच्या कोपऱ्यात हसू, आणि उजव्या हातात समोरच्याच्या छातीवर नेम धरलेलं पिस्तूल. दूधवाला, पेपरवाला, शाळेत निघालेली पोरं, सगळे त्या नळीसमोरून जात होते. काही जण थांबून हात जोडत होते. मीही जोडले. समोरच्याच्या हातात पिस्तूल असताना दुसरं काय करणार?

आमच्या चाळीत बॅनरवरचा फोटो घरचे लोक निवडत नाहीत. मंडळ निवडतं, आणि तेही माणसाने मंडळासाठी जे केलं ते करताना असलेला. एक काका गेले तेव्हा ते शिडीवर चढून लाइटच्या माळा लावताना दिसत होते, म्हणजे पाठमोरे. चेहरा नव्हताच, तरी कुणाची तक्रार नव्हती. पाठ ओळखली सगळ्यांनी. माझ्या वडिलांनी मंडळाला तीस-एक वर्षं खलनायक पुरवले होते, तेव्हा त्यांच्या वाट्याला पिस्तूल येणं रीतसरच होतं.

मंडळाचे अध्यक्ष, आमच्याच मजल्यावरचे, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, वर येऊन आईसमोर उभे राहिले. त्यांना वाटलं, काकी रागावल्यात.

“काकी, दुसरे फोटो बघितले मी. आधार कार्डावर काका पकडून आणल्यासारखे दिसतात.”

“आणि ह्यात?”

“ह्यात सुटलेत.”

आई हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. भेटायला आलेल्या बायकांपैकी एकीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं.

त्या पिस्तुलाबद्दल आधी सांगायला हवं. बाबा गिरणीत टाइमकीपर होते, म्हणजे कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर गेलं ते मांडून ठेवायचं काम. असं काम करणाऱ्याला संध्याकाळी कुणालातरी गोळी घालावीशी वाटली तर मी समजू शकते. गणपतीत आणि नवरात्रात चाळीच्या चौकात नाटक व्हायचं. नाटक कुठलंही असो, बाबा खलनायक. आवाज तसा होता, आणि नायकाला लागतात तेवढे केस त्यांच्याकडे पंचविशीनंतर उरले नव्हते.

सुरुवातीला पिस्तूल लाकडाचं होतं, काळा रंग दिलेलं. ऐन खुनाच्या प्रसंगात ते हातातून सुटलं, टुणकन उडून पहिल्या रांगेत गेलं, आणि तिथल्या एका बाईंनी पदराने पुसून ते खुनी माणसाला परत दिलं. “घ्या हो,” असं म्हणून. त्या अपमानानंतर बाबांनी गिरणीच्या वर्कशॉपमधल्या एका मित्राला गाठलं. त्याने लेथवर पोलादाची नळी काढून दिली आणि मूठ बनवली धोट्याच्या लाकडाची. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. मोडका धोटा फेकूनच द्यायचा असतो, पण त्याचं लाकूड फार चिवट. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटायचा, दिवाळीत पोरं फोडतात त्या टिकलीवर. निम्म्या वेळा टिकली वाजायची नाही. म्हणून विंगेत एक जण पत्र्याच्या डब्यात फटाका घेऊन उभा असायचा, आणि फटाक्याची वात त्याच्या मर्जीने जळायची. त्यामुळे आमच्या चौकात माणसं आधी मरत आणि गोळी नंतर सुटे. प्रेक्षकांना त्याची इतकी सवय झाली होती की एका वर्षी आवाज वेळेवर झाला, तर लोक दचकले.

तालमी घरी चालायच्या. आई चुलीपाशी बसून संहिता मांडीवर ठेवून प्रॉम्प्टिंग करायची, आणि खून व्हायचा तो तिचाच. कारण खोलीत दुसरं कुणी रिकामं नसायचं. मी अभ्यास करत असायचे, आणि अभ्यास करणाऱ्या मुलीला मारायचं नाही असा नियम होता. तालमीत टिकल्या वाया घालवायच्या नाहीत म्हणून ‘ठो’ हा आवाजही आईच काढायची. स्वतःच्या खुनाचा आवाज स्वतः काढायचा आणि भाकरी उलटायची. तिचा चेहरा ह्या सगळ्यात अजिबात बदलायचा नाही. बाबा म्हणायचे, “जरा तरी मर.” ती म्हणायची, “भाकरी करपतली.”

बाबा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मला बजावलं होतं. तिची मुंबईत पन्नासहून जास्त वर्षं झाली, बाहेरच्या माणसांशी ती छापील मराठी बोलते, पण मनातलं बोलायचं असलं की मालवणीत शिरते. “कपडे देऊन टाक,” ती म्हणाली. “चष्मो कोणाक लागलो तर दी. घड्याळ तू ने. ता पिस्तूल माका होया.”

“कशाला?”

“तुका कित्याक सांगू? माका होया.”

मी पुन्हा विचारलं नाही. शीवला माझं घर आहे, दादरला ग्रंथालयात नोकरी आहे, आणि दोन्हीकडे मी प्रश्न कमी विचारण्यासाठीच ओळखली जाते. शिवाय मला कळत होतं. बाबांच्या घामाने त्या मुठीचं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. बोटांच्या जागी खळगे पडले होते. घरात त्यांच्या हाताचा तेवढाच साचा शिल्लक होता.

बॅनर लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क हवालदार जिना चढून आले. गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहे. तिथल्या कुणीतरी खिडकीतून बॅनर पाहिला आणि फोटो काढून पोलिसांना पाठवला. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाठवला असता. बाबांचा नेम नेमका त्यांच्या बाल्कनीवर होता.

हवालदार उंबऱ्याबाहेरच थांबले. सुतकाच्या घरात पाणी प्यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं आणि तहान तर लागली होती. शेवटी अध्यक्षांनी आपल्या खोलीतून पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यांनी मोबाइल पुढे केला.

“हेच मयत ना?”

“हो,” मी म्हणाले.

“आणि हे हत्यार?”

“नाटकातलं आहे.”

विषय इथे संपला असता. पण अध्यक्ष ग्लास परत घ्यायला उभे होते.

“नाटकातलं म्हणजे असं-तसं नाही हां साहेब,” ते म्हणाले. “अस्सल पोलाद. लेथवर काढलेलं. अख्ख्या गिरणगावात दुसरं नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी कौतुकाने पाहतेय.

“नळी बघाल ना साहेब, नळी. खेळण्यासारखी बुजलेली नाही. उघडी. पुढून धूर निघायचा, धूर. लोक मागच्या मागे सरकायचे.”

अध्यक्ष मूर्ख नाहीत. विमा कंपनीत आहेत, माणसं कशी मरतात आणि त्यावर काय भरून घ्यायचं ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण आमच्याकडे माणूस गेला की तेराव्यापर्यंत त्याच्या कुठल्याच गोष्टीला कमी म्हणायचं नसतं. त्याचा मोडका पंखा उत्तम वारा देत असे, त्याचा दमा म्हणजे साधी सर्दी होती. ‘खेळण्यातलं आहे हो’ एवढे शब्द त्या क्षणी आम्हाला वाचवायला पुरेसे होते. पण चौथ्या दिवशी, मयताच्या दारात, ते बोलणार कोण? अध्यक्ष बोलले नाहीत, आई बोलली नाही. आणि मी, जिने आयुष्यभर छापील शब्दांवर पोट भरलं, तीही गप्प राहिले. बाबांच्या पिस्तुलाला खेळणं म्हणणं माझ्याही जिभेवर आलं नाही.

हवालदारांची लेखणी थांबली. “परवाना होता का?”

“कसला?”

“शस्त्राचा. परवानेवाला वारला की वारसांनी हत्यार जमा करायचं असतं. आणि परवाना नसला तर...” त्यांनी बाबांच्या फोटोपुढच्या दिव्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. “उद्या ठाण्यात घेऊन या. मॅडम बघतील.”

आईने आतून छापील मराठीत विचारलं, “जमा केलं तर परत कधी मिळतं?”

“मावशी, आमच्याकडे जमा झालेली वस्तू...” ते बरा शब्द शोधत राहिले. “सुरक्षित असते.”

ते गेल्यावर आईने पिस्तूल कपाटातून काढलं, तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि डब्यावर बसली. तशीच बराच वेळ बसून होती. भेटायला आलेल्यांना वाटलं, म्हातारी खचली.

सुतकात पोथी वाचावी म्हणतात. मी शस्त्रांचा कायदा आणि त्याखालचे नियम वाचले. गॅलरीत बसून, हळूहळू, परिशिष्टांसकट. दुःखात हे वाचन मी कुणालाही सुचवेन. त्यात आत्म्याचा उल्लेख नाही आणि कुणी धीर देत नाही.

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की पिस्तुलाबद्दल आपली कल्पना आणि कायद्याची कल्पना ह्यांचा काही संबंध नाही. आपण पिस्तूल ओळखतो ते आकारावरून आणि धरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. कायदा चेहऱ्याकडे बघतच नाही. तो विचारतो, नळीचा व्यास किती? काही व्यास असे की ते सामान्य माणसाने ठेवायचेच नाहीत, कारण त्यात सैन्याची आणि पोलिसांची गोळी बसते. बाकीचे परवाना काढून ठेवता येतात. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात का? मग ते हत्यार सगळ्यांनाच बंद, परवान्याचं नाव काढायचं नाही. आतून गुळगुळीत नळीची बंदूक ठरावीक मापापेक्षा आखूड असेल तर तिच्याकडे कायदा जास्त संशयाने बघतो, कारण आखूड वस्तू कोटात मावते. नळी कापून आखूड करणं हा तर वेगळाच गुन्हा. छर्ऱ्याची बंदूक असेल तर छर्रा केवढ्या जोराने निघतो ते मोजायचं. हुबेहूब नक्कल असेल तर तिची वेगळी पंचाईत. म्हणजे एखाद्याने आयुष्यभर रोज नऊ वाजता बायकोचा खून केला तरी कायद्याला त्याचं काही नाही. त्याचं सगळं लक्ष त्या भोकाकडे.

आणि ह्या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला, व्याख्येतच, माझ्या कामाची एक फट होती. ज्या वस्तूचा खेळण्यापलीकडे उपयोग होऊ शकत नाही, ती शस्त्र नव्हे. मी ती ओळ वाचून चहा ठेवायला उठले. मग परत बसून पुढचं वाचलं. नुसता उपयोग होत नाही एवढ्याने भागत नव्हतं. तिचं रूपांतर करून चालणारं हत्यार बनवता येऊ नये, अशीही अट होती.

बाबांचं पिस्तूल कशातच बसत नव्हतं. गोळी भरायला जागा नव्हती, म्हणून ते बंदूक नव्हतं. टिकलीची दारू फुटायची, म्हणून नुसतं शोभेचंही नव्हतं. आणि नळी उघडी.

मी आईला डब्यावरून उठवलं आणि नळीत पेन्सिल घालून पाहिली. पेन्सिल आत गेली. मला आशा होती की थोड्यावर अडेल. ती जवळजवळ मुठीपर्यंत गेली. नायक मरताना पिस्तुलाच्या तोंडातून धुराची रेघ निघावी म्हणून बाबांनी ती आतपर्यंत पोखरून घेतली होती. बाकी माणूस काटकसरी. घरात साखरेचा डबा बाहेर काढायला दोन परवानग्या लागत. पण धुराच्या बाबतीत उधळे.

“किती गेली?” आईने विचारलं.

“सगळी.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणी म्हणू शकतं की थोडं काम केलं तर ह्यातून गोळी सुटेल.”

“मगे लांबी भर आत. खिडकीच्या काचेक लावलेली उरली असा वाटीत.”

“आई, पोलिसांनी बघायच्या आधी आपण त्यात काही भरलं तर ते आणखी वाईट दिसेल.”

“तू शिकलंस आणि भियाक लागलंस,” ती म्हणाली. “न शिकलेली माणसा नुसती लांबी भरतत आणि मोकळी होतत.”

दुसऱ्या दिवशी प्रश्न असा आला की जे कदाचित पिस्तूल असेल ते रस्त्याने न्यायचं कसं. हातात धरून नेणं शक्य नव्हतं. पर्समध्ये ठेवलं तर ते लपवलं असं होईल. मी ह्याचा इतका विचार करत बसले की आईने पिस्तूल बाबांच्या पंच्यात गुंडाळलं, भाजीच्या पिशवीत टाकलं, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि चपला घातल्या.

“तू नको येऊ,” मी म्हणाले. “पाचवा दिवस आहे. लोक बोलतील.”

“बोलूदेत. ता तुझ्याकडे दिलंय तर तू ता जमा करून पावती घेऊन येतलंस.”

माझ्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललेलं नाही.

अध्यक्षही निघाले. आपल्यामुळे हे झालं ह्याची त्यांना खंत होती, आणि खंत असलेला अध्यक्ष पुढे चालतो. मिरवणुकीत रस्ता करतात तसा हात करत ते आमच्यापुढे लालबागच्या रस्त्यातून चालले होते. एकदा मागे वळून म्हणाले, “काकी, पिशवी माझ्याकडे द्या. जड असेल.”

“तू तोंड बंद ठेव मेल्या. ताच खूप झाला.”

“बरं काकी.”

ठाण्यातल्या उपनिरीक्षक बाई तिशीच्या असतील. विदर्भाकडच्या, बोलण्यावरून कळत होतं. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, बाबा कशाने गेले ते विचारलं, आणि कोथिंबीर बाजूला ठेवून पंचा उलगडला. टेबलाभोवती तीन-चार जण आले. सगळ्यांनी आळीपाळीने पिस्तूल हातात घेतलं. प्रत्येकाने ते घेतल्यावर नेम धरला, एक डोळा मिटून, रिकाम्या भिंतीवर. हे पुरुष करतात असं मला वाटायचं. बाईंनीही केलं.

“मूठ मस्त आहे,” त्या म्हणाल्या. “कोणाची?”

“धोट्याची,” आई म्हणाली.

“चालवून दाखवता येईल काय?”

टिकल्या आईने आणल्या होत्या, कागदाच्या पुडीत, केव्हाच्या कोण जाणे. तिने एक बसवली. मग ती उभी राहिली, पदर खोचला आणि पिस्तूल माझ्यावर रोखलं. मला वाटलं, नुसता चाप ओढेल. पण तिच्या डोक्यात संहिता होती, आणि तिला एकच पद्धत ठाऊक होती. संवाद आधी, गोळी नंतर.

“तुझ्या बापाने जी जमीन माझ्याकडून लुबाडली,” आई छापील मराठीत, भाकरी उलटताना असायचा त्याच चेहऱ्याने म्हणाली, “ती आज तुझ्या रक्ताने शिंपणार आहे.”

घोडा आपटला. टिकली वाजली नाही.

“ठो,” आई म्हणाली.

हवालदार भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभे राहिले. उपनिरीक्षक बाई कपाळावर हात ठेवून खाली बघत बसल्या. अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, “काका असेच करायचे.” बाबा असं कधीच करत नसत. बाबा हावभाव करत. हे आईचं होतं. पन्नास वर्षं तिने ते चुलीपाशी दाबून ठेवलं होतं, आणि आता मी तिच्या नळीच्या टोकाशी उभी राहून ते बघत होते.

हसणं ओसरल्यावर बाईंनी टॉर्च घेतला आणि नळीत पाहिलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. मग त्यांचा आवाज बदलला.

“मावशी, वाजतं की नाही ह्याच्याशी मले काही करायचं नाही. प्रश्न नळीचा आहे. गोळी ठेवायला मागे जागा नाही, हे दिसतेच. मागचा ठोकळा भरीव आहे. पण नळी पोलादी अन् उघडी आहे. हे बदलून हत्यार होत नाही असं मी माझ्या सहीने लिहून देऊ शकत नाही.”

“मग?” मी विचारलं.

“रीतसर मार्ग म्हणजे हे जमा करायचं, तपासणीला पाठवायचं. ते बघतील, अहवाल येईल. अहवाल चांगला आला की मग अर्ज करून परत घ्या.”

“किती वेळ?”

“तुम्ही वाट बघू शकत असाल तर येईल.” त्या आईकडे पाहत नव्हत्या. “मावशींचं वय काय?”

आईने पिस्तुलावर हात ठेवला होता. सगळ्यांच्या देखत, टेबलावर, मुठीच्या खळग्यांमध्ये स्वतःची बोटं बसवून. तिची बोटं बारीक, ती खळग्यांत हरवत होती.

“दुसरं एक होऊ शकते,” बाई म्हणाल्या. “नळी कायमची बंद केली, म्हणजे वेल्डिंगने पूर्ण, तर प्रश्नच उरत नाही. मग ते नाटकाचं सामान. मी माझा माणूस सोबत देते, त्याच्यासमोर करा, मी नोंद करून घेते. पण मग ते आधीसारखं राहणार नाही. अन् हे तुम्ही ठरवायचं, मी सांगितलं म्हणून करू नका.”

अध्यक्ष कळवळले. “मॅडम, धूर निघायचा त्यातून. तीच तर खासियत होती. आम्ही मंडळाच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवणार होतो, ओरिजिनल.”

मलाही तसंच काहीसं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. वडिलांची वस्तू जशीच्या तशी राहावी. कुठल्यातरी कोठडीत, लेबल लावून, पण जशीच्या तशी. ग्रंथालयात आम्ही हेच करतो. फाटणारं पुस्तक कुणाला वाचायला देत नाही आणि त्याला जतन करणं म्हणतो. मी आईला म्हणाले, “विचार कर. बाबांनी मुद्दाम तसं करून घेतलं होतं.”

आईने माझ्याकडे पाहिलं, तालमीत मध्येच हाक मारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

“धूर तेंका होयो होतो,” ती म्हणाली. “माका नको. बुजवा.”

वेल्डिंगचं दुकान जवळच होतं. एरवी तिथे ग्रिल आणि मंडपाचे सांगाडे होतात. हवालदार बरोबर आले. दुकानदाराने पिस्तूल उलटसुलट करून विचारलं, “पूर्ण भरू?” आणि आई म्हणाली, “पूर्ण.” लाकडाला ओलं फडकं गुंडाळलं. आम्हाला तिकडे बघू नका सांगितलं. आम्ही तिघांनी आणि कायद्याने रस्त्याकडे तोंड केलं. मागे चरचर आवाज होत होता, आमच्या सावल्या समोरच्या शटरवर निळ्या उजेडात नाचत होत्या. अध्यक्ष हळूच म्हणाले, “काकांचा आत्मा बघत असेल.” आई म्हणाली, “बघत असेल तर डोळे जातील. त्यालाही सांगितलंय का, बघू नको म्हणून?”

झालं तेव्हा नळीच्या तोंडावर एक ओबडधोबड गोळा जमला होता, सुपारीएवढा. दिसायला वाईट. घासून देऊ का, असं दुकानदाराने विचारलं. आईने नको म्हटलं. गार होण्याची वाट बघत ती तिथल्या स्टुलावर बसली. हवालदारांनी फोटो काढले, नोंद झाली. ठाण्यातून निघताना उपनिरीक्षक बाई म्हणाल्या, “अन् मावशी, तो बॅनर तेवढा बदलून घ्या. कायद्यात बसतो की नाही माहीत नाही, पण लोक घाबरतात.” तो अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी उतरवला आणि आधार कार्डावरच्या फोटोचा लावला.

तेराव्यानंतर मी शीवला परतले. पुढच्या रविवारी सकाळी आईकडे गेले तर काचेच्या पेटीचा विषय निघून मिटला होता. अध्यक्षांनी पेटी आणूनही दिली होती, तिच्यात आईने औषधं ठेवली होती.

पिस्तूल ओट्यावर होतं. खाली पाट्यावर सोललेलं आलं. आईने मूठ धरली, नळी खाली करून पकडली आणि त्या गोळ्याने आलं ठेचायला घेतलं. खटखट, जोरात, एकेक तुकडा.

“आई, खलबत्ता आहे ना घरात?”

“असा.”

“मग?”

“हेची मूठ बरी.” तिने ठेचलेलं आलं बोटाने नळीवरून निपटून चहात टाकलं. “आणि दोन वेळ हातात येता.”

चहा गाळून तिने कप माझ्यापुढे ठेवला. मी एक घोट घेतला. घसा जळला.

“आलं फार झालंय,” मी म्हणाले.

“होय,” ती म्हणाली. “अजून अंदाज येणा नाय.”